गोजरबाईची दवंडी

मिरजगावच्या एसटी स्टँडसमोर गोजरबाईची खाणावळ होती आणि तिथं जेवायला बसणाऱ्या प्रत्येक माणसावर गोजरबाईचा संशय होता. हात सढळ होता तिचा, त्यात खोट नाही. भाकरी मागितली की तव्यावरची उतरवून द्यायची, कालवण वाढताना पळी आखडायची नाही. पण गिऱ्हाईक हात धुवायला उठलं की तिची नजर आधी त्याच्या ताटावर जायची आणि मग त्याच्या पिशवीवर. रोज संध्याकाळी कडी लावायच्या आधी ती भांडी मोजायची. एखादा पेला कमी भरला की ट्रकवाल्यापासून शाळेच्या मास्तरापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. पेला चुलीमागं सापडला तरी तिचं समाधान नव्हतं. म्हणायची, "ठिवला कुनीतरी परत आनून."

आता असा स्वभाव काही आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती ती. नवरा वारला तेव्हा दिरानं सोसायटीच्या कर्जाचा कागद म्हणून तिचा अंगठा घेतला आणि वर्षभरानं कळलं, की अंगठ्याबरोबर तिच्या वाटणीचं घर अन् वावर दोन्ही गेलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. गोजरबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. दुसऱ्याच्या घरचं तर ती पीतच नसे, तिथं जातपात नव्हती, नुसता अविश्वास होता. मग खाणावळीत जेवणाऱ्या एका मास्तराकडून ती सही शिकली. 'गोजरबाई' हे पाच अक्षरांचं नाव लिहायला तिला पाव तास लागायचा, पण अंगठा तिनं पुन्हा कुणाला दाखवला नाही.

खाणावळीची खोली पुंजारामची होती. बांगलादेशच्या लढाईत आपण जिंकलो, गावात पेढे वाटले गेले, आणि त्याच आठवड्यात पुंजाराम पेढा घेऊनच आला. म्हणाला, "बाई, पाडव्याला खोली मोकळी करा. पोराला सायकलचं दुकान टाकायचंय." पेढा तोंडात घालावा की तोंडावर मारावा, हे गोजरबाईला कळेना. स्टँडजवळ दुसरी जागा नव्हती, आणि स्टँड सोडलं तर खाणावळ कसली? चूल बंद झाली की तिला दिराच्या दारात उभं राहावं लागणार होतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती उघड म्हणायची आणि तिला तसं खरोखरच वाटायचं.

अशात खाजाभाई पिंजाऱ्याचं घर विक्रीला निघाल्याचं तिच्या कानावर आलं. घर स्टँडच्या अगदी मागं. दोन खण, पुढं ओटा, मागं चूल मांडायला ऐसपैस पडवी. खाजाभाई गाद्या भरायचा, बाप मेहताबही तेच करायचा. पण आता पिंजायची यंत्रं आली होती, पोरगा नगरला कामाला लागला होता आणि तो बापाला तिकडं बोलवत होता. सौदा दोन म्हाताऱ्या माणसांसमोर ठरला. इसार देताना त्यांतला एक जण रीतीप्रमाणे बोलला, "खरेदीचा खर्च घेणाऱ्याचा. पन मधीच कुनी मोडलं, तर सगळा खर्च मोडणाऱ्यानं सोसायचा."

"पुन्ना म्हना," गोजरबाई म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. इसाराच्या प्रत्येक नोटेच्या कोपऱ्याला तिनं आदल्या दिवशीच हळदीचं बोट लावून ठेवलं होतं. उद्या खाजाभाई म्हणाला, की ह्या नोटा तुमच्या नव्हेत, तर?

लिखापढीला कर्जतचे आबासाहेब वकील धरले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. गोजरबाई स्वतःला शहाणी समजत असल्यामुळं आबासाहेबांच्या पायरीवर न चढता खालीच उभी राहून एकेक गोष्ट विचारायची. नक्कल काढायला पैसे का? दस्त लिहिणारा निराळा कशाला, तुम्हांला लिहिता येत नाही का? एका पाकिटावर आबासाहेबांनी नेहमीचं तिकीट लावून वर आणखी पाच पैशांचं लावलं, तेव्हा तर तिनं त्यांचा हातच धरला.

"निर्वासितांसाठी आहे बाई ते. सरकारनं बसवलंय, सगळ्यांना लावावं लागतं," आबासाहेब म्हणाले.

"निर्वासित तुमच्या घरात हायेत का?"

पोस्टमास्तरला विचारून येईपर्यंत तिनं ते पाकीट टाकू दिलं नाही. आणि पोस्टमास्तरनं तेच सांगितल्यावर दोघांचं संगनमत असणार, अशी मनाशी गाठ मारून ठेवली.

खाजाभाईला वकिलांनी विचारलं होतं, "मेहताब पिंजाऱ्याला वारस किती?" त्यानं मान खाली घालून सांगितलं, "मी एकटाच." आबासाहेबांनी लिहून घेतलं आणि मिरजगावच्या चावडीवर नोटीस लावायला दिली. रीतीप्रमाणे दवंडीही झाली. पण गोजरबाईचं मन मानेना. त्या काळातल्या नवराबायकोला एकच लेकरू? आणि नोटीस इथंच का? मेहताबचं मूळ खर्ड्याचं. सोयरेधायरे तिकडं, देणंघेणंही तिकडंच असणार. "भाईर कुनाला कळू द्यायचं न्हाई, म्हनून गावातल्या गावात हलगी वाजवत्यात," असं तिनं मनाशी ठरवलं. वकिलाला विचारलं असतं तर त्यानं 'गरज नाही' म्हणून सांगितलं असतं, आणि वकील गरज नाही म्हणतो तिथंच गरज असते, हा तिचा हिशोब. म्हणून कुणाला न सांगता ती बाजाराच्या दिवशी एसटीनं खर्ड्याला गेली, हलगीवाला गाठला आणि भर बाजारात दवंडी दिली.

"ऐका हो ऐका! मिरजगावच्या मेहताब पिंजाऱ्याचं घर बकरीदीच्या पुढल्या सोमवारी कर्जतला खरेदीखतानं जातंय! कुनाचं देनं, कुनाचा हक्क-हिस्सा असंल त्यानं हजर व्हावं हो!"

बाजाराच्या तीन कोपऱ्यांवर हलगी कडकडली. गोजरबाई लसणीच्या ढिगाआड उभी राहून सगळ्यांची तोंडं बघत होती. कुणी सावकार पुढं आला नाही. समाधानानं ती परतीच्या गाडीत बसली.

बकरीदीला खाजाभाईकडं पाहुणे आले नाहीत, ह्याची नोंद तिनं घेतली होती. तो दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होता. कुणाची वाट बघतो हा? दुसऱ्या गिऱ्हाइकाची? त्या दिवसापासून तिनं त्याच्या ओट्यावरही नजर ठेवली.

सोमवारी सगळे कर्जतला नोंदणी कचेरीत जमले. स्टॅम्प लिहून तयार, साक्षीदार गोजरबाईच्या खर्चानं भजी खाऊन तयार. साहेबांनी नाव पुकारलं आणि खाजाभाई सहीला पुढं झाला, तेवढ्यात दारातून आवाज आला, "भाई, थांब."

बुरख्याचा पडदा मागं टाकून एक बाई आत आली. प्रवासानं आणि रडण्यानं तिचं तोंड सुजलं होतं. "मी हाजराबी. मेहताब पिंजाऱ्याची लेक, खर्ड्याला दिलेली. मलाबी हिस्सा हाय आणि माझी सही न्हाई," ती साहेबांना म्हणाली आणि भावाकडं न बघता भिंतीला टेकून उभी राहिली.

आबासाहेबांच्या हातातली लेखणी तशीच राहिली. "तू तर एकटाच वारस म्हणाला होतास!"

"बहिनी धरत्यात व्हय कुठं, साहेब?" खाजाभाई पुटपुटला. खरंच होतं त्याचं. हिंदू असो की मुसलमान, त्या मुलखात भावंडं किती विचारलं, की लोक भावांचाच आकडा सांगत. बहिणी माहेरी येत, चोळीबांगडी घेत आणि हिश्शाचं नाव काढत नसत. कायद्यात त्या आहेत, हे कायदा बघायची वेळ आल्यावरच कळायचं.

हाजराबीच्या सहीशिवाय खरेदी पक्की नाही, असं आबासाहेबांनी सांगितलं. हाजराबी सही देईना. खाजाभाईनं हात जोडले, तरी ती हलली नाही. सौदा मोडला.

गोजरबाईला सुरुवातीला काय वाटलं असेल? आनंद झाला तिला. चोर सापडला होता! तिच्या दवंडीनं बिळातून बहीण बाहेर आली होती, नाहीतर हीच बाई उद्या घर ताब्यात घेतल्यावर आली असती. पण आबासाहेबांनी बाहेर आल्यावर खर्चाचा आकडा सांगितला आणि तो आनंद जागच्या जागी विरला. त्यांची फी, दस्तलेखकाची मजुरी, नकला, नोटिसा, साक्षीदारांची गाडी. वापरलेला नाही म्हणून स्टॅम्प परत करता येईल, पण त्यातही सरकार काही कापून घेणार. घर नाही ते नाही आणि वर दीडशेच्या पुढं खड्डा. तेलही गेलं, तूपही गेलं.

"मोडणाऱ्यानं सोसायचं," ती खाजाभाईला म्हणाली. "तुमी भैन लपवली, तुमीच मोडलं."

खाजाभाईनं दुसऱ्याच दिवशी इसार परत आणून दिला. गोजरबाईनं फडक्याची गाठ सोडली. सगळ्या नोटांच्या कोपऱ्यांना हळद होती, एकही खर्चलेली नव्हती. दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. गोजरबाईला वाटलं, घर विकायची गरज असलेला माणूस इसाराला हात लावत नाही म्हणजे त्याला सौदा मोडणार हे आधीच ठाऊक होतं.

"खर्चाचं म्हनाल, तर घरात धनुकली हाय आन् दोन गाद्यांचा कापूस. तेवढंच हाय," तो म्हणाला.

"मला धनुकली कशाला? मी काय भाकरी पिंजू?"

तिला आणखी एक गोष्ट खुपत होती. त्या दिवशी कर्जतच्या स्टँडवर तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हाजराबी बाकावर तोंड फिरवून बसली होती, खाजाभाईनं चहा आणला, अर्धा बशीत ओतून तिच्यापुढं धरला आणि तिनं तो घेतला. भांडलेली माणसं एका कपातला चहा पितात होय? हे ठरवून केलेलं नाटक होतं, भाव वाढवण्यासाठी. आतून दोघं एकच! आता हाजराबीलाच तिच्या घरी जाऊन बोलण्यात पकडायचं, खर्च वसूल करायचा, असं ठरवून गोजरबाई पुन्हा खर्ड्याला गेली.

हाजराबीचं घर किल्ल्याच्या बाजूला एका बोळात होतं. तिनं गोजरबाईला ओळखलं, आत घेतलं आणि पाण्याचा लोटा पुढं ठेवला. तांब्याचा, घासून लखलखीत केलेला, एका अंगाला पोचा आलेला. गोजरबाईनं लोट्याला हात लावला नाही.

"अम्माचा हाय," हाजराबी म्हणाली. "लगीन झालं तवा म्हायेरातून एवढाच मागून आनला. प्या की."

"तहान न्हाई. मी खर्चाचं बोलायला आलेय. तुमी भाऊभैन मिळून..."

"भावाचं नाव घिऊ नका," हाजराबीनं तिला थांबवलं. "त्याची चूक एवढीच, की तोंड उघडलं न्हाई. बकरीदीला मला बोलावून सांगनार हुता. मी लई रडले असते, भांडले असते, पन सही दिली असती. लेकाजवळ जाऊ नको म्हनून भावाला कोन सांगंल?"

"मंग का न्हाई दिली?"

 हाजराबीनं सांगितलं. बाजारात ती वांगी घेत होती. हलगी वाजली. बापाचं नाव कानावर आलं. घरावर दवंडी म्हणजे जप्ती, म्हणजे लिलाव, लोकांना दुसरं काय माहीत? वांगीवाली म्हणाली, अगं तुझ्या म्हायेराचा लिलाव निघाला व्हय? बाजारातल्या बायका भोवती जमल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी गालात हसलं. नवऱ्याच्या कानावर गेलं. सासूनं संध्याकाळी चार माणसांत ऐकवलं, की ह्यांच्या बापानं बुडवलेलं आता हलगीवर निघतंय.

"माझ्या बापानं कुनाचा पैसा बुडवला न्हाई, बाई. गाद्या भरूभरू त्याची छाती कापसानं गेली. त्याच्या नावानं भर बाजारात हलगी! मंग बकरीदीला म्हायेरी गेलेच न्हाई आन् ठरवलं, आता घर विकायचंच न्हाई. विकलं की लोक म्हननार, लिलावातच गेलं." तिनं डोळे पुसले, आत गेली आणि चांदीचे वाळे घेऊन आली. "भावाकडं मागू नका. मोडलं मी. मोडणाऱ्यानं सोसायचं ठरलं हुतं ना? हे घ्या. सोनाराकडून कसून घ्या, इस्वास नसंल तर."

वाळे दोघींच्या मधे होते. गोजरबाईनं आयुष्यात चांदी, पैसा, दूध, माणूस, काहीही तपासल्याशिवाय घेतलं नव्हतं. त्या दिवशी ते वाळे तिला उचलून बघवेनात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दिरानं कागद फिरवून तिचं घर घेतलं होतं. तिनं हलगी वाजवून दुसरीचं माहेर चव्हाट्यावर आणलं होतं. आणि कुणालाही कळलेलं नव्हतं, हलगीवाला सोडून. गप्प बसून वाळे घेऊन उठली असती तर आकाश कोसळलं नसतं. पण अंगठा घेऊन दीर असाच गप्प बसला होता, हे तिला आठवलं.

"ठिवा ते," ती म्हणाली. "मोडलं तुमी न्हाई. दवंडी म्या दिली."

हाजराबीला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिनं वाळे झटकन उचलून पदराखाली घेतले.

"तू?"

"तुज्या बापाचं देनं निघंल म्हनून. मला कुनाचा इस्वास न्हाई."

"घर पायजे हुतं तर माझ्या दारात यायचं हुतं. बाजारात कशाला गेलीस?"

 कुणाच्या दारात जाऊन सरळ विचारावं, हे गोजरबाईला सुचलंच नव्हतं. ती उठली. पाण्याचा लोटा तसाच भरलेला राहिला.

खर्च मग तिनंच सोसला. खोली शोधायला लागतील म्हणून इसाराच्या नोटांना हात लावायचा नव्हता. स्टॅम्पचे पैसे कापून आले, त्यातून दस्तलेखक भागला. राहिले आबासाहेब. त्यांची बायको आजारी होती आणि ते कर्जतच्या हॉटेलातलं खाऊन खाऊन कंटाळले होते. गोजरबाईनं पायरी चढून त्यांना सांगितलं, की फी फिटेपर्यंत कोर्टाच्या दर दिवशी सकाळच्या एसटीनं डबा येईल. आबासाहेबांनी आधी हसण्यावारी नेलं, मग पहिला डबा खाल्ला आणि हो म्हणाले. एसटीचा कंडक्टर तिच्याकडंच जेवायचा, त्यामुळं डब्याचं भाडं पडायचं नाही. तरी गोजरबाई फडक्याला स्वतःची अशी गाठ मारायची, वाटेत कंडक्टरनं सोडली तर कळावी म्हणून. स्वभावाला औषध नसतं.

पाडवा तोंडावर आला. जागा मिळेना. पुंजारामचा पोरगा रोज येऊन भिंतीची मापं घेऊन जायचा. गोजरबाईनं भांडी पोत्यात भरायला काढली आणि त्या दिवशी तिला पहिल्यांदा रडू आलं. आपण आपल्याच हातानं आपलं छप्पर घालवलं, हे ती चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नगरला निघालेला खाजाभाई वळकटी घेऊन दारात आला. त्याच्या हातात कुलपाची किल्ली होती.

"हाजरा म्हनती, घर विकायचं न्हाई. पन बंद ठिवलं तर वाळवी खाईल. भाड्यानं ऱ्हायला त्याच बाईला दे म्हनती."

"का?" गोजरबाईनं विचारलं. दुसरं काही तिच्या तोंडात आलंच नाही.

"म्या बी इचारलं. ती म्हनाली, त्या बाईला गप बसता आलं असतं."

गोजरबाई किल्लीकडं बघत राहिली. "भाडेपट्ट्याचा कागद?"

"करू की. आबासाहेबाकडं जावं लागंल."

कोपऱ्यात आबासाहेबांचा डबा पालथा घालून ठेवला होता. गोजरबाईनं एकदा डब्याकडं बघितलं, एकदा खाजाभाईकडं, आणि कागदाशिवाय किल्ली घेतली. रात्री दोनदा उठून कुलूप तेच आहे का, हे मात्र तिनं बघितलं.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. माणसं खडी फोडायला गेली, खाणावळीत मिलोच्या, रेशनवरच्या लाल ज्वारीच्या, भाकरी झाल्या, गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. पण चूल विझली नाही. भाडं ती दर महिन्याला खाजाभाईच्या गाववाल्याबरोबर नगरला पाठवायची. आबासाहेबांची फी केव्हाच फिटली, तरी ते पैसे देऊन डबा मागवत राहिले.

बकरीदीच्या सुमाराला एका दुपारी हाजराबी ओट्याखाली येऊन उभी राहिली. हातात पिशवी होती. आत यावं की नाही, ह्या विचारात ती दाराच्या चौकटीकडं बघत होती. गोजरबाईनं पिठाचे हात तसेच ठेवून तिला बघितलं. मग नेहमीसारखी खेकसलीच.

"आपल्याच घरात इचारून शिरत्यात व्हय?"

हाजराबी दोन दिवस राहिली. आतल्या खोलीत, जिथं तिची अम्मा गेली होती, तिथं झोपली. जुन्या गोष्टी फारशा निघाल्या नाहीत. दवंडीचं नाव दोघींनीही घेतलं नाही. एकदा भाकरी थापता थापता हाजराबी म्हणाली, की चूल अम्माच्या जागेवरच मांडलीस, आणि गोजरबाईनं नुसतं हूं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती गेली.

संध्याकाळी कडी लावायच्या आधी गोजरबाई भांडी मोजायला बसली. पाहुणी येऊन गेलेली, त्यामुळं जास्तच काळजीनं. ताटं भरली. वाट्या भरल्या. तांबे-लोटे मोजताना तिचा आकडा चुकला, म्हणून तिनं पुन्हा मोजले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एक भांडं जास्त भरत होतं.

फळीच्या टोकाला, भिंतीला लागून, पोचा आलेला तांब्याचा लोटा होता.

विसरली असेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, मुद्दाम ठेवला असेल. का ठेवला असेल? ह्या 'का'शी ती बराच वेळ झगडली, आयुष्यभराची सवय होती ती. मग उठली, माठातलं पाणी त्या लोट्यात ओतलं आणि न फुंकता प्याली.